सोळा वर्षांच्या मुलाला कुठे ठेवायचं आणि पैसे कुठून आणायचे?

इचलकरंजीकडच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दहावीला ८७ टक्के होते. गेल्या दिवाळीपासून गांजा ओढतो. कॉलेजला म्हणून निघतो आणि पोचत नाही, रात्र मोबाईलवर काढतो, आणि दोनदा त्याने ब्लेडने हात कापून घेतलाय. एका व्यसनमुक्ती केंद्राने महिन्याला ३५ हजार सांगितलेत, तीन महिन्यांचे आगाऊ. "गाडी आम्ही पाठवतो, माणसं आमची असतील, तुम्ही फक्त सही करा." वडील सायझिंगमध्ये, म्हणजे यंत्रमागाच्या सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी आहेत, पगार १९ हजार, घरात तीन लाखांची मेडिक्लेम पॉलिसी. बायकोचं गंठण मोडायचं ठरत आलंय. मुलाला कुठे ठेवू आणि पैसे कुठून आणू, एवढंच त्यांना विचारायचंय.

दादा, गंठण या आठवड्यात मोडू नका.

मी पुण्यात २४ वर्षं मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते, त्यातली पहिली नऊ वर्षं सरकारी ओपीडीत गेली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव किंवा डोस माझ्याकडून मिळणार नाही. पण तुमच्यासारखे आईवडील माझ्या टेबलापुढे रोज बसतात, आणि बहुतेक जण तुमच्यासारखेच "कुठे ठेवू" इथूनच सुरुवात करतात. त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो: मुलाला झालंय काय?

गांजा डोळ्यांवर येतो, कारण त्याला वास असतो, दप्तरात पुडी सापडते. उदासीला वास नसतो. ८७ टक्क्यांचं पोर अकरावीत अचानक ढेपाळतं, रात्री झोपत नाही, स्वतःला इजा करतं, तेव्हा गांजा हा मूळ आजार आहे की आतल्या आजारावर त्याने स्वतःच शोधलेलं औषध, हे बाहेरून ठरवता येत नाही. कधी नैराश्य आधी असतं. कधी लहानपणापासूनची चंचलता असते, जिला सगळ्यांनी "वांड आहे" म्हणून सोडून दिलेलं असतं. कधी कुणी तरी काही तरी केलेलं असतं आणि ते पोराने कुणाला सांगितलेलं नसतं. आणि कधी खरंच फक्त संगत असते. प्रत्येकाचा उपचार वेगळा, खर्चही वेगळा. निदान न करता ३५ हजारांची खोली घेणं म्हणजे एक्स-रे न काढता प्लास्टर घालणं.

म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ, मग जागा. तुम्हाला जवळ कोल्हापूरचं सीपीआर आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्याने तिथे मनोविकार विभाग आहे, खर्च केसपेपरपुरता. सांगली-मिरजेलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठल्याही जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात, आणि आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुलांचा खास मनोविकारतज्ज्ञ मिळाला तर उत्तम, पण तो मोठ्या शहरांतच सापडतो आणि त्याची वाट बघत महिने घालवू नयेत. पहिलं निदान साधा मनोविकारतज्ज्ञही नीट करू शकतो. मात्र त्याने मुलाशी एकट्याशी बोलायला हवं. तुमच्यासमोर विचारून तुमच्यासमोर उत्तर लिहून घेत असेल, तर दुसरीकडे जा.

त्याला तिथे न्यायचं कसं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. "तुझं गांजाचं डॉक्टरला दाखवू" म्हटलं की नव्वद टक्के पोरं दार लावून घेतात. माझा अनुभव असा की झोपेचं नाव काढलं तर येतात. "तुला झोप लागत नाही, मलाही बघवत नाही, एकदा दाखवू." हे खोटंही नाही. घरात नेमकं काय बोलावं हे समजत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनी फोन केला तरी चालतो, मुलगाच बोलला पाहिजे असं नाही.

हात कापून घेण्याबद्दल एक गोष्ट आजच करा. त्यावर व्याख्यान नको, मारझोड तर नकोच. पण घरातली औषधं, ब्लेड, उंदराचं औषध कुलपात जाऊ द्या, आणि गावाकडे भावकीत शेतीची फवारणीची औषधं असतील तर त्याला तिकडे "चार दिवस हवापालट" म्हणून पाठवू नका. आणि त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात न्या, ओपीडीचा वार बघू नका.

आता दाखल करण्याबद्दल. दाखल करावं लागतं का, तर परिस्थितीवर आहे. जीव देण्याचा विचार ठाम असेल, कानात आवाज येत असतील, सगळे माझ्यावर नजर ठेवतात असा संशय असेल, खाणंपिणं सुटलं असेल, घरच्यांवर हात उचलत असेल, तर दाखल करावं लागतं, आणि ते रुग्णालयात, केंद्रात नव्हे. नशा कोणती यावरही बरंच अवलंबून आहे. नुसता गांजा बंद केला तर चिडचिड, झोप उडणं, भूक जाणं असा त्रास होतो. पहिल्या आठवड्यात तो जास्त असतो, मग उतरत जातो. बहुतेकांचं हे घरी निभावतं. पण दारू किंवा झोपेच्या गोळ्या, म्हणजे ज्याला पोरं "बटन" म्हणतात ते, रोज चालू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायचं धाडस करू नका, फिट येऊ शकते. तुम्ही फक्त गांजा लिहिलाय. पोरं घरात सगळ्यात सौम्य नावच कबूल करतात, म्हणून डॉक्टरला एकट्याने विचारू द्या.

तुमचा मुलगा चालता-बोलता आहे, घरात जेवतो, आईशी दोन शब्द बोलतो असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावरून मला वाटतं की त्याचा उपचार बहुधा ओपीडीतूनच होईल. बहुधा म्हणते, कारण मी त्याला पाहिलेलं नाही.

आणि त्या केंद्राबद्दल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक त्रासही मानसिक आजारातच धरलेत. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करण्याचं त्यात स्वतंत्र कलम आहे, ८७ वं. पालकाचा अर्ज लागतो. दोन जणांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, मुलाला त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासलेलं असलं पाहिजे आणि दोघांचंही मत दाखल करावं असं पडलं पाहिजे. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा पालकाने नेमलेलं माणूस पूर्ण काळ त्याच्यासोबत राहिलं पाहिजे. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, आणि मुक्काम तीस दिवसांवर गेला की पुन्हा.

आता "गाडी पाठवतो, तुम्ही फक्त सही करा" हे याच्या शेजारी ठेवून बघा.

मी पालकांना एकच वाक्य विचारायला सांगते: "मुलगा सोळाचा आहे, त्याच्यासोबत मी राहू ना?" चांगलं केंद्र म्हणेल, "राहावंच लागेल," किंवा प्रामाणिकपणे सांगेल, "आमच्याकडे अठराच्या आतली सोय नाही, अमुक ठिकाणी दाखवा." जे म्हणेल की पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही, फोन नाही, आईबापाला बघून मुलं नाटक करतात, तिथून उठा. नोंदणी विचारा, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा, आणि मुलाची झोपायची जागा स्वतः बघा. ऑफिसात चहा पाजून परत पाठवत असतील तर काय ते समजा. मोठ्यांच्या वॉर्डात पोराला ठेवण्यातला धोका कायद्यापलीकडचा आहे. गांजा सोडायला गेलेलं पोर चाळीस दिवसांत एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर, कुठे मिळते, तिचा भाव काय आणि कुणाला फोन करायचा हे सगळं शिकून बाहेर आलेलं मी पाहिलंय.

चांगल्या जागा नाहीत असं मात्र नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे, डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते. सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी; नावाला लोक बिचकतात, पण ओपीडीला कुलूप नसतं. शिवाय केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांची चौकशी १४४४६ वर होते. यातलं कुठलंही ठिकाण निवडलंत तरी आधी फोन करून वय सांगा. चाळिशीच्या दारुड्यासाठी नावाजलेली जागा सोळाच्या पोरासाठी योग्य असेलच असं नाही.

पैशाकडे येते. एक घर मला विसरता येत नाही. मुलगा सतरा वर्षांचा, वडिलांचा टेम्पो. टेम्पोवर कर्ज काढून तीन महिने एका केंद्रात ठेवला, एक लाख ऐंशी हजार गेले. मुलगा गुटगुटीत होऊन परत आला, पेढे वाटले. केंद्राने पुढे काय करायचं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: दर पंधरा दिवसांनी समुपदेशन. पण एका वेळची फी आठशे रुपये, आणि घरात टेम्पोचा हप्ता चालू झालेला. पहिली भेट चुकली, मग दुसरी. नवव्या दिवशी जुन्याच टपरीवर जुनेच मित्र भेटले होते, हे आईला महिन्याने कळलं. ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली तिने माझ्यापुढे काढली. तोवर त्या चिठ्ठीवर हळदीचे डाग पडले होते.

तेव्हापासून मी हिशेब वर्षाचा मांडायला लावते. तुमच्याकडे एक लाख असतील तर ते बारा महिन्यांना पुरवायचे. पहिल्या महिन्यात उडवायचे नाहीत. पोर सुधारतं ते नंतरच्या कंटाळवाण्या महिन्यांत. त्या काळात डॉक्टरची भेट चुकता कामा नये, समुपदेशन चालू राहिलं पाहिजे, आणि संध्याकाळी पाच ते आठ तो कुठे असतो याची सोय लागली पाहिजे. त्या तीन तासांसाठी तालीम लावा, फुटबॉल लावा, मामाच्या दुकानात बसवा, काहीही. कोल्हापूरकडे तर तालमींना तोटा नाही.

ओपीडीचा खर्च माझ्या पाहण्यात साधारण असा येतो: सरकारीत केसपेपर आणि एसटीचं तिकीट. खासगीत डॉक्टर एका भेटीला पाचशे ते पंधराशे, समुपदेशन सहाशे ते दोन हजार. औषधं सरकारीत मिळाली तर मोफत. बाहेरून घ्यावी लागली तर जन औषधी दुकानात तेच घटक बरेच स्वस्त मिळतात, डॉक्टरला घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा. निदान आणि औषधं सरकारीत, समुपदेशन खासगीत किंवा एखाद्या संस्थेत, असं मिश्रण पुष्कळ घरांना परवडतं. यात कमीपणा काही नाही.

आता तुमच्या पगारपत्रकाकडे बघा. ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे, पाऊण टक्का कापले जातात का? २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ती योजना आहे. यंत्रमागाच्या धंद्यात अनेकांना ते माहीतच नसतं, किंवा मालकाने भरलेलं नसतं. कापले जात असतील तर मुलाचा मानसिक उपचारही त्यातून होतो, ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन रेफर करून घ्यायचं.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात. दुर्बल घटकासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा तीन लाख साठ हजार आहे, तुमचं दोन लाख अठ्ठावीस हजार भरतं. म्हणजे मुलाला दाखल करायची वेळ आलीच तर निम्म्या दराची सवलत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. दाखल केल्यावर धावपळ करणारे फार बघितलेत. काउंटरवर "ती योजना इथे नाही" म्हणाले तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, तिथली खुर्ची रिकामी दिसली तरी जरा थांबा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पण तिच्या भरवशावर खासगी केंद्राचा हिशेब मांडू नका.

मेडिक्लेमबद्दल बहुतेक लोक दोन टोकांना असतात. एकाला वाटतं मानसिक आजाराला काही मिळत नाही, दुसऱ्याला वाटतं सगळं मिळतं. त्याच २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने विमा द्यायला लावलं, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसं परिपत्रकही काढलं. म्हणजे नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल केलं तर दावा करता येतो. पण तुमच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी बघा, तिथे "एक्सक्ल १२" असा कोड असण्याची दाट शक्यता आहे. दारू, अमली पदार्थ आणि कुठल्याही व्यसनाचे उपचार त्याखाली बाहेर काढलेले असतात. व्यसनमुक्ती केंद्राचं बिल त्यामुळे जवळजवळ कधीच मिळत नाही, शिवाय अनेक केंद्रं विम्याच्या व्याख्येतली रुग्णालयंच नसतात. ओपीडीचा खर्चही साध्या पॉलिसीत नसतो.

यावर एजंट सुचवतो, "डॉक्टरांना निदान बदलून लिहायला सांगा." तसं करू नका. दावा तर अडकतोच, पण खोटं निदान मुलाच्या कागदांवर राहतं. नैराश्य आणि गांजा दोन्ही असतील तर दोन्ही खरं लिहिलेलं असू द्या, आणि मुख्य उपचार कशाचा चालला होता ते डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट मागा. दावा फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, मग विमा लोकपालाकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, वकील लागत नाही.

तुम्ही पोलिसांचीही भीती लिहिलीय. ओपीडीत खरं सांगितल्याने पोलीस घरी येत नाहीत, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं ६४अ कलम आहे. पोराला पुड्या पोचवायच्या कामाला कुणी लावलं असेल तर गोष्ट वेगळी आणि गंभीर. अल्पवयीनाला नशा देणाऱ्याला किंवा त्याच्या हातून माल फिरवणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तसा संशय असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मेहुण्यांनी सुचवलेली "चहातून गुपचूप द्यायची पावडर" तुम्ही लिहिलीय, ती फेकून द्या. दारू सोडवणाऱ्या अशा पुड्यांत कधीकधी असं औषध असतं की त्यावर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो. गांजावर तर तिचा उपयोगच नाही. आणि मेडिकलमधून लघवीच्या तपासणीचा किट आणून रोज पोराला बाथरूममध्ये उभं करू नका. बराच काळ ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा सोडल्यावरही कित्येक आठवडे दिसू शकतो. पोर खरं बोलत असेल आणि पट्टी त्याला खोटं ठरवेल, तर त्या घरात पुढे कुणी खरं बोलणार नाही. तपासणी करायचीच तर डॉक्टरच्या सांगण्यावरून, मुलाला आधी सांगून.

अकरावीचं वर्ष गेलं तर जाऊ द्या. बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मुलाला हे आजच सांगितलंत तरी चालेल. ८७ टक्क्यांच्या पोराच्या मानेवर ते ८७ किती जड असतात, हे मी खूप वेळा ऐकलंय.

थोडक्यात क्रम असा: आज औषधं कुलपात. या आठवड्यात झोपेच्या निमित्ताने सीपीआर. दरम्यान उत्पन्नाचा दाखला, पगारपत्रक आणि पॉलिसीचं वगळण्याचं पान काढून ठेवा. दाखल करायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. केंद्राला आगाऊ एक रुपयाही नाही.

सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. डब्यात काही तरी न्या, पोर उपाशी असलं की दहा वाजताच "घरी चला" म्हणतं. आईलाही घेऊन जा. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गेल्या दोन आठवड्यांत तो किती वाजता झोपला, कधी जेवला नाही, कधी हात कापला, हे त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ते पान फाडून सोबत न्या. डॉक्टरकडे तुमच्यासाठी दहा मिनिटं असतील, त्यातली पाच ते पान वाचवेल.